वेगाच्या शर्यतीत संथांचा दोष किती?

मलेशियातील सेपांग सर्किटवर २६ ऑक्टोबर २०२५ रोजी मोटो-३ गटाची शर्यत सुरू व्हायची होती. स्वार पिटमधून निघून प्रारंभरेषेकडे चालले होते. या फेरीला 'साइटिंग लॅप' म्हणतात. तिची वेळ निकालात धरली जात नाही आणि तिच्यात कोणी कोणाला हरवायचेही नसते. नेमक्या याच फेरीत स्पेनचा होसे अन्तोनियो रुएदा मागून येऊन स्वित्झर्लंडच्या नोआ डेटवायलरच्या दुचाकीवर आदळला. रुएदा तीनच आठवड्यांपूर्वी या गटाचा जगज्जेता ठरलेला होता, तर डेटवायलर हा गुणतक्त्याच्या तळाकडचा वीस वर्षांचा तरुण. त्याच्या दुचाकीत बिघाड होऊन ती संथ झाली होती, असे त्या वेळच्या वृत्तांत म्हटले होते. रुएदा तुलनेने थोडक्यात बचावला. डेटवायलरला हेलिकॉप्टरने रुग्णालयात न्यावे लागले आणि अनेक शस्त्रक्रियांनंतर तो मृत्यूच्या दाढेतून परतला. शर्यत मात्र फेऱ्या कमी करून त्याच दिवशी उरकण्यात आली.

अशा घटनेनंतर एक जुनाच सूर पुन्हा उमटतो. ज्यांना वेग झेपत नाही, त्यांनी जागतिक स्पर्धेत यावेच कशाला? संथ स्वार हा स्वतःला आणि इतरांनाही धोका असतो, तेव्हा पात्रतेचे निकष आणखी कडक करा, असे सांगितले जाते. वरवर पाहता यात खोट काढण्यासारखे काही नाही. परंतु गेल्या काही दशकांतील अपघात एकेक करून तपासले, तर या युक्तिवादाची अवस्था चोर सोडून संन्याशाला फाशी देण्यासारखी आहे, असेच म्हणावे लागते. कारण 'संथ स्वार' आणि 'संथ झालेली दुचाकी' या दोन सर्वस्वी निराळ्या गोष्टी आहेत, आणि नियमांनी आजवर पहिलीवर जितकी नजर ठेवली तितकी दुसरीवर ठेवलेली नाही.

पात्रतेचा नियम साधा आहे. सराव वा पात्रता सत्रातील सर्वांत वेगवान फेरीच्या तुलनेत ठरावीक टक्क्यांच्या आत वेळ नोंदवता आली नाही, तर शर्यतीत उतरता येत नाही. ही मर्यादा अनेक वर्षे १०७ टक्के होती. अलीकडे ती १०५ टक्क्यांवर आणली गेली. म्हणजे पहिल्या स्वाराने दोन मिनिटांत फेरी पूर्ण केली, तर शेवटच्याला दोन मिनिटे सहा सेकंदांपर्यंत मुभा. आता थोडे गणित करू. पूर्ण फेरीत पाच टक्के मागे असणारा स्वार रस्त्याच्या कोणत्याही एका टप्प्यावर साधारण तेवढ्याच प्रमाणात मंद असतो. पुढचा ताशी ३०० किलोमीटरने जात असेल, तर हा २८५च्या आसपास. दोघांच्या वेगातील फरक ताशी १५ किलोमीटरचा, म्हणजे सेकंदाला चारेक मीटर. मागून येणाऱ्याला प्रतिक्रिया द्यायला अर्धा सेकंद लागला, तर अंतर दोनेक मीटरने कमी होते. पट्टीच्या स्वाराला हे अवघड नाही. त्याचे सारे आयुष्य अशाच अंतरांत गेलेले असते.

याउलट बिघाडामुळे किंवा मुद्दाम रेंगाळल्यामुळे एखादी दुचाकी ताशी १२० किलोमीटरवर आली आणि मागचा ३००ने येत असला, तर फरक १८० किलोमीटरचा होतो, सेकंदाला ५० मीटरचा. त्याच अर्ध्या सेकंदात २५ मीटर संपतात. वळणाच्या पलीकडे, किंवा पुढच्या स्वाराच्या पाठीआड ती संथ दुचाकी असली, तर ती दिसेपर्यंतच सारे संपलेले असते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर रात्री दिवे न लावता उभा असलेला ट्रक भरधाव मोटारीपेक्षा अधिक जीवघेणा का ठरतो, हे ज्याला उमगले आहे, त्याला हे वेगळे समजावून सांगायला नको.

ही गोष्ट नवी नाही. जुलै १९८३ मध्ये सिल्व्हरस्टोनला ब्रिटिश ग्रां प्रीची ५०० सीसी शर्यत सुरू असताना नॉर्मन ब्राउन याची दुचाकी यांत्रिक बिघाडामुळे मंदावली आणि मागून आलेला स्वित्झर्लंडचा पीटर ह्युबर तिच्यावर आदळला. या अपघाताने दोघांचाही बळी घेतला. सेपांगच्या अपघातापूर्वी ४२ वर्षे घडलेली ही घटना. मधल्या काळात हेल्मेट सुधारली, स्वारांच्या पोशाखात हवेच्या पिशव्या आल्या, धावपट्टीभोवतीची मोकळी जागा वाढली, झेंड्यांच्या जोडीला विजेचे फलक आले. संथ झालेल्या दुचाकीची सूचना मागच्याला तत्क्षणी मिळण्याच्या बाबतीत मात्र प्रगती बेताचीच आहे.

मग संथ स्वारांविषयीची ही भीती आली कोठून? तिची पाळेमुळे बरीचशी पैशांत आहेत. जानेवारी २००९ मध्ये कावासाकीने मोटोजीपीतून माघार घेतली; २०११च्या अखेरीस सुझुकीनेही तळ हलवला. प्रारंभरेषेवर जेमतेम सतरा दुचाकी उरल्या आणि कोणी जखमी झाले की ती संख्याही घटे. दूरचित्रवाणीच्या हक्कांवर चालणाऱ्या खेळाला हे परवडणारे नव्हते. म्हणून २०१२ मध्ये 'सीआरटी' नावाचा प्रकार आणला गेला. साध्या रस्त्यावरील दुचाकींच्या इंजिनांवर बेतलेली, खासगी संघांनी बांधलेली ही स्वस्त यंत्रे होती. त्यांना इंधन जास्त, हंगामात वापरायला इंजिने जास्त. पण कोणत्याही मोठ्या कंपनीला ठरावीक २० हजार युरोंत त्यांचे इंजिन विकत मागता येईल, अशी अट. हेतू हा की, गुपचूप महागडे इंजिन कोणी वापरू नये.

या दुचाकी कारखान्याच्या यंत्रांपेक्षा फेरीला दोन-तीन, कधी त्याहून अधिक सेकंद मागे पडत. आघाडीच्या गोटात नाराजी होतीच, आणि ती अगदीच निराधार होती असेही नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये व्हॅलेन्सियाच्या शर्यतीत याचा दाखला मिळाला. धावपट्टी अर्धवट ओली होती. त्या वर्षीचे जगज्जेतेपद आधीच खिशात घातलेला होर्गे लॉरेन्झो आघाडीवर असताना त्याच्यापुढे एक फेरी मागे पडलेला सीआरटी स्वार जेम्स एलिसन आला. कोरडी रेषा एलिसनकडे होती. त्याला ओलांडण्याच्या घाईत लॉरेन्झो ओल्या भागावर गेला आणि हवेत भिरकावला गेला. सुदैवाने तो बचावला. संथांमुळे धोका होतो म्हणणाऱ्यांना यापेक्षा चांगले उदाहरण सापडणार नाही. पण त्याच शर्यतीत मिकेले पिरो हा दुसरा सीआरटी स्वार पाचवा आला, याची आठवण सहसा कोणी काढत नाही. शिवाय निळ्या झेंड्याचा नियम अशाच प्रसंगासाठी आहे. एक फेरी मागे पडलेल्याने पहिल्या संधीला वाट द्यावी, हे त्यात स्पष्ट आहे. ती संधी येईपर्यंत थांबण्याचा संयम आघाडीवीराने दाखवायचा की नाही, हा प्रश्न संथ स्वाराला विचारण्यात अर्थ नाही.

त्या वेळच्या तळातल्या मंडळींचे पुढे काय झाले, हेही पाहण्यासारखे आहे. २०१२ मध्ये दानिलो पेत्रुची हा इटालियन तरुण जी दुचाकी चालवत होता, ती सरळ रस्त्यावर केविलवाणी मागे पडायची. याच पेत्रुचीने २०१९ मध्ये मुजेल्लोला आणि २०२० मध्ये ल माँला मोटोजीपी शर्यती जिंकल्या. पुढे २०२२ मध्ये तर डकार रॅलीचा एक टप्पाही जिंकला. त्या काळात सीआरटी गटात अव्वल ठरणारा अलेश एस्पारगारो एप्रिलियाने पुरवलेल्या यंत्रावर धावत होता. २०२२ मध्ये अर्जेंटिनात त्यानेच एप्रिलियाला मोटोजीपीतील पहिला विजय मिळवून दिला. कालचा तळ आजचे शिखर गाठतो, तो तळाला काही वर्षे टिकू दिले म्हणून.

आपल्याकडचे उदाहरण महिंद्राचे. मुंबईत मुख्यालय असलेल्या या उद्योगसमूहाने २०११ मध्ये १२५ सीसी गटात पाऊल टाकले. पुढच्याच वर्षी तो गट जाऊन मोटो-३ आला आणि महिंद्राच्या दुचाकींचा २०१२चा हंगाम अक्षरशः हलाखीत गेला. त्या वेळी 'संथांना बाहेर काढा' म्हणणाऱ्यांचे ऐकले गेले असते, तर २०१३ मध्ये सेपांगला मिगेल ऑलिव्हेराने महिंद्राला मिळवून दिलेले तिसरे स्थान दिसले नसते आणि २०१६ मध्ये ॲसेनला फ्रान्सेस्को बान्यायाने मिळवून दिलेला विजयही. महिंद्राने २०१७ नंतर हा नाद सोडला. बान्याया मात्र २०२२ आणि २०२३ असा लागोपाठ दोनदा मोटोजीपीचा जगज्जेता झाला.

तेव्हा संथ संघांना प्रवेश द्यावा की नाही, हा मुख्यतः खेळाच्या अर्थकारणाचा आणि प्रतिष्ठेचा प्रश्न आहे. तो जरूर चर्चेला घ्यावा, पण त्यावर सुरक्षेची झूल पांघरू नये. सुरक्षेचा खरा पेच सुरू होतो तो वेगवान स्वार जाणूनबुजून संथ होतात तेथे, आणि याची पंढरी म्हणजे मोटो-३.

या गटाची दुचाकी २५० सीसीची, एकाच सिलिंडरची आणि साठेक अश्वशक्तीची असते. स्वारासह किमान वजन १५२ किलो. सर्वांची यंत्रे जवळजवळ सारखीच. अशा वेळी हवेचा विरोध हाच मोठा शत्रू ठरतो आणि पुढच्या दुचाकीमागे दडून त्याने कापलेल्या हवेतून जाणे हीच मोठी कमाई. मुजेल्लोसारख्या सुमारे १.१ किलोमीटर लांब सरळ रस्त्याच्या धावपट्टीवर या आडोशाने फेरीची वेळ चांगलीच खाली येते. परिणामी पात्रता सत्रात कोणालाच पुढे राहायचे नसते. लखनवी 'पहले आप'चा प्रयोग ताशी दोनशेच्या धावपट्टीवर रंगतो. पंधरा-वीस पोरे एकमेकांच्या पाठीकडे पाहत, वेग कमी करत, मागे वळून बघत रेंगाळतात. आणि त्याच वेळी ज्याने खरी वेगवान फेरी सुरू केली आहे, तो त्यांच्या पाठीमागून येत असतो.

त्यांना निव्वळ बेशिस्त म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण या वयातील मुलाचा पुढच्या वर्षीचा करार बऱ्याचदा काही दशांश सेकंदांवर ठरतो. एकट्याने प्रामाणिकपणे फेरी मारणारा विसावा येतो आणि दुसऱ्याच्या सावलीत फेरी मारणारा पाचवा, हे त्याला दर शनिवारी दिसते. नियम पाळण्याची किंमत निश्चित आणि मोडण्याची अनिश्चित, असा हा व्यवहार आहे.

अधिकाऱ्यांनी शिक्षा केल्या नाहीत असे नाही. एप्रिल २०२१ मध्ये कतारच्या लोसेल सर्किटवर झालेल्या दोहा ग्रां प्रीत सरावात रेंगाळल्याबद्दल मोटो-३च्या सात जणांना पिट लेनमधून शर्यत सुरू करण्याची शिक्षा झाली. इतर सारे निघून गेल्यावर, सर्वांत शेवटी. त्या सातांत सोळा वर्षांचा पेद्रो अकोस्टा होता आणि ही त्याची जागतिक मालिकेतली अवघी दुसरी शर्यत होती. शिक्षा झालेल्यांनी एकमेकांच्या आडोशाने धावत मुख्य घोळका गाठला आणि अकोस्टाने चक्क ती शर्यत जिंकली. कौतुक करावे तेवढे थोडेच. परंतु ज्या आडोशासाठी रेंगाळल्याची शिक्षा झाली, त्याच आडोशाने ती शिक्षा धुऊन काढली, हा विनोद स्पर्धेच्या धुरिणांना फारसा हसवणारा नसावा.

त्यानंतर दोन महिन्यांच्या आत मुजेल्लोला जेसन ड्युपास्किए हा १९ वर्षांचा स्विस स्वार मोटो-३च्या पात्रता सत्रात पडला आणि मागून येणाऱ्या दुचाकींखाली सापडला. दुसऱ्या दिवशी, ३० मे २०२१ रोजी त्याचे निधन झाले. त्याच वर्षी जुलैत अरागॉनला १४ वर्षांचा ह्यूगो मिलान आणि सप्टेंबरात हेरेथला १५ वर्षांचा डीन बर्टा विन्यालेस यांचा कनिष्ठ गटांच्या शर्यतींत अंत झाला. किमान वयोमर्यादा २०२३ पासून १८ करण्याचा निर्णय याच पार्श्वभूमीवर झाला. आणखी मागे गेलो तर २०१० मध्ये मिसानोला शोया तोमिझावा आणि २०११ मध्ये सेपांगलाच मार्को सिमॉन्चेली. या पाचही घटनांत एक समान धागा आहे. पडलेल्या स्वाराला धडक बसली ती जवळपास त्याच्याच वेगाने, त्याच्या मागोमाग येणाऱ्यांची. यांतला एकही मृत्यू अतिसंथ स्पर्धकामुळे ओढवलेला नाही. उलट सगळेच सारखे वेगवान असल्यामुळे जो घोळका होतो, त्या घोळक्यात पडलेल्याला वाचवायला कोणाला जागाच उरत नाही.

येथे एक अप्रिय गोष्ट बोलली पाहिजे. हा घोळकाच प्रेक्षकांना आवडतो. एका सेकंदात पंधरा दुचाकी अंतिम रेषा ओलांडतात, तेव्हा दूरचित्रवाणीवरील समालोचक आनंदाने ओरडत असतात. यंत्रांतील तफावत कमी करणारे नियम सुरक्षेपेक्षा या रोमांचासाठी अधिक राबवले जातात, आणि त्याची जबाबदारी मात्र तळाच्या संथ स्वारावर ढकलायला सारे मोकळे.

संथ होण्याची कायदेशीर कारणेही असतात, हे विसरून चालणार नाही. पिटमधून नुकत्याच निघालेल्या दुचाकीचे टायर थंड असतात. तापल्याशिवाय पकड येत नाही आणि त्या अवस्थेत जोर लावला तर मागचे चाक घसरून स्वार वर फेकला जातो. मोटोजीपीतील कार्बन ब्रेकनाही काम करायला उष्णता लागते. त्यामुळे पहिली फेरी सावकाश मारणे हा गुन्हा नव्हे. ती रेसिंग लाइनवर, म्हणजे वेगवान स्वाराला हव्या असलेल्या नेमक्या रेषेवर मारणे हा गुन्हा. ल माँला २०११च्या सकाळच्या सरावात केसी स्टोनरला रँडी द प्युनिए असाच मार्गात आडवा आला. स्टोनरने बाजूने जाताना त्याच्या दंडावर ठोसा लगावला आणि पाच हजार युरो दंड भरला. दुपारी शर्यतही जिंकली. बारा वर्षांनी, नोव्हेंबर २०२३ मध्ये, कतारच्या सरावात अलेश एस्पारगारोने फ्रँको मोर्बिडेलीच्या हेल्मेटवर चापट मारली. त्याला दहा हजार युरो दंड आणि प्रारंभरेषेवर सहा स्थाने मागे. दोन्ही प्रसंगांत चर्चा गाजली ती हात उगारल्याची. मार्गात आडवे येण्याबद्दल काय करायचे, हा मुद्दा बाजूलाच राहिला.

दोष नेहमी संथाचाच असतो असेही नाही. ऑक्टोबर २०११ मध्ये फिलिप आयलंडला मोटो-२चे सराव सत्र संपल्याचा चौकड्यांचा झेंडा पडला होता. थायलंडचा राठ्ठापार्क विलायरोत नियमाप्रमाणे वेग कमी करून परतत होता आणि मार्क मार्केझ मागून येऊन त्याच्यावर आदळला. विलायरोत जखमी झाला. मार्केझला शर्यत सर्वांच्या मागून सुरू करावी लागली. ३८व्या स्थानावरून तो तिसरा आला आणि वर्तमानपत्रांचे रकाने त्याच्या पराक्रमाने भरून गेले. विलायरोतचे नाव आज किती जणांना आठवते?

काय करता येईल, याचे उत्तर फार गुंतागुंतीचे नाही. प्रत्येक दुचाकी धावपट्टीवर कोठे आहे आणि किती वेगाने जाते आहे, याची माहिती नियंत्रण कक्षाकडे उपग्रहाच्या साह्याने येत असते. लाल झेंड्याची सूचना स्वाराच्या डॅशबोर्डवर उमटण्याची सोय मोटोजीपीत आहे. स्वारांच्या हेल्मेटमध्ये रेडिओ बसवण्याच्या चाचण्या २०२० पासून अधूनमधून होत आल्या. अनेक स्वारांना कानात बोलणारा माणूस नको आहे आणि त्यांची तक्रार समजण्यासारखीही आहे. परंतु पुढे कोणी संथ आहे, एवढाच इशारा देणारा एक पिवळा ठिपका मागच्या डॅशबोर्डवर आपोआप लागावा, यासाठी कोणाच्या बोलण्याची गरज नाही. मोटो-३सारख्या स्वस्त गटांना ही यंत्रणा महाग पडेल, असा आक्षेप येऊ शकतो. तो खरा असेलही. मात्र पावसात धावताना पेटवायचा लाल दिवा प्रत्येक दुचाकीच्या पाठीमागे नियमानेच बसवलेला असतो, अगदी मोटो-३च्याही. वेग ठरावीक मर्यादेखाली गेला की तो आपोआप लुकलुकू लागावा, एवढी जोडणी करायला वेगळे यंत्र लागत नाही. कोरड्या हवामानात तो दिवा आज विझलेला असतो.